चंद्रावर उतरलो, मग लढाऊ विमानाचं इंजिन का जमत नाही?

प्रश्न असा आहे: "चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तरी तेजसला इंजिन अमेरिकेचं लागतं. हे आपल्याला खरंच जमत नाही, की बाहेरून खरेदी करणाऱ्यांना ते जमायलाच नको आहे? मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात शिरण्यात अर्थ आहे का?"

मी हवाई दलाच्या अभियांत्रिकी शाखेत सव्वीस वर्षं काढली. आधी मिग-२१ च्या स्क्वाड्रनमध्ये, मग सुखोईच्या दुरुस्तीत, आणि शेवटची काही वर्षं दिल्लीत खरेदीच्या फायलींवर टिपणं लिहिण्यात. संशोधन मी केलेलं नाही. दुसऱ्यांनी बनवलेली इंजिनं उतरवली, उघडून पाहिली, पुन्हा चढवली. तेव्हा हे उत्तर शास्त्रज्ञाचं नाही, हात काळे केलेल्या माणसाचं आहे असं समजून वाचा.

आधी चांद्रयानाचं बघू. रॉकेटचं इंजिन एका उड्डाणात काही मिनिटं जळतं आणि त्याचं काम संपतं. ऑक्सिजनसुद्धा ते घरून डब्यासारखा बरोबर घेऊन निघतं. ते सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाही; क्रायोजेनिक इंजिनासाठी आपल्या लोकांनी काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लढाऊ विमानाच्या इंजिनाचं दुखणं वेगळं आहे. ते हजारो तास टिकावं लागतं. शिवाय ते तास सरळ चालीचे नसतात. एका सरावात वैमानिक थ्रॉटल पन्नास वेळा पुढेमागे करतो, आणि दर वेळी आतली पाती तापतात, फुगतात, निवतात. आज जैसलमेरच्या उन्हात तापलेली धावपट्टी, उद्या लेहची विरळ हवा. मधेच तीव्र वळण घेतलं की तोंडाशी येणारी हवाही वेडीवाकडी येते. एवढं सगळं करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तय्यार.

या सगळ्याचा भार येतो बोटाएवढ्या एका पात्यावर. ज्वलनकक्षाच्या लगेच मागे टर्बाइनच्या पात्यांचं चक्र असतं. ही पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि तिचा द्रवणांक साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअस. त्यांच्या अंगावर आदळणारा वायू त्याहूनही गरम असतो. म्हणजे हिशेबाने पातं वितळायला हवं. ते वितळत नाही, कारण आतून पोकळ असतं. कॉम्प्रेसरमधून, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या हवा दाबणाऱ्या भागातून, चोरून आणलेली हवा त्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांनी फिरते आणि सुईच्या अग्राएवढ्या भोकांतून बाहेर पडून पात्याभोवती पांघरुणासारखी पसरते. वरून सिरॅमिकचा पातळ लेप असतो. गंमत म्हणजे ही 'थंड' हवासुद्धा काही शे अंशांची असते! आणि हे चक्र मिनिटाला हजारो फेरे घेत असल्यामुळे प्रत्येक पात्याला बाहेर ओढणारा जोर टनांत मोजावा लागतो.

अशा ताणाखाली तापलेला धातू तुटत नाही, तर हळूहळू लांबत जातो. त्याला क्रीप म्हणतात. पुस्तकात ते अर्ध्या पानाचं प्रकरण आहे, इंजिनवाल्यांचं आयुष्य त्यात जातं. धातूच्या आत बारीक स्फटिकांचे कण असतात आणि पातं सैल पडायला लागतं ते बहुधा त्या कणांच्या सीमांवर. म्हणून आधी सगळे कण एकाच दिशेने उभे केले गेले आणि नंतर अख्खं पातंच एका स्फटिकाचं ओतलं गेलं. ओतीव धातू भट्टीतून अगदी सावकाश खाली ओढत नेतात आणि मधल्या एका पिळदार नळीतून एकच स्फटिक पुढे जाऊ देतात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र मिळवलं आहे. २०२१ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीला दिली. बातमी छोटी होती, फारशी कोणी वाचली नाही. मला ती कित्येक विमानांच्या सलामीपेक्षा मोठी वाटली.

आता कावेरी, म्हणजे तेजससाठी आखलेलं स्वदेशी इंजिन. हा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला तो ३८३ कोटींना, आणि काम दिलं बंगळूरच्या जीटीआरई या सरकारी इंजिन-संशोधन संस्थेला. आफ्टरबर्नरसह (मागच्या बाजूला जादा इंधन जाळून तात्पुरता वाढवलेला जोर धरून) ८१ किलोन्यूटन जोर हवा होता. मिळाला सत्तरच्या आसपास, आणि इंजिन ठरल्यापेक्षा सुमारे १३५ किलोंनी जड भरलं. २००८ मध्ये तेजसपासून ते वेगळं काढलं. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी जीई या अमेरिकन कंपनीच्या एफ-४०४ इंजिनावर झालं होतं आणि कावेरी आली की ते बदलायचं असा बेत होता. पाहुणा म्हणून आलेलं इंजिन घरजावई होऊन बसलं.

या आकड्यांवरून "बघा, नापास" असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. कोऱ्या कागदावरून सुरुवात करून पहिल्या प्रयत्नात ८५ टक्क्यांपर्यंत पोचणं ही नामुष्की नव्हे. आणि पैशाचं म्हणाल तर कावेरीवर तीन दशकांत दोन हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. २०१६ मध्ये आपण ३६ राफेल घेतली ती सुमारे ५९ हजार कोटींना, शस्त्रं आणि सुटे भाग धरून. म्हणजे पूर्ण देशाच्या इंजिनविद्येवर तीस वर्षांत आपण जेमतेम सव्वा राफेल खर्च केलं. खरी नामुष्की ही आहे.

पैशाहूनही मोठी अडचण होती ती चाचणीची. इंजिन जमिनीवर बांधून चालवणं वेगळं आणि उंचावर, गोठलेल्या विरळ हवेत चालवणं वेगळं. उंचावरची हवा जमिनीवर निर्माण करणारी चाचणीशाळा आपल्याकडे नव्हती, आणि ज्याला नवं इंजिन लटकवून हवेत नेता येईल असं विमानही नव्हतं. २०१० मध्ये कावेरी रशियात नेऊन ग्रोमोव संस्थेच्या आयएल-७६ विमानाला चार इंजिनांपैकी एकाच्या जागी बसवून उडवावी लागली. आता विचार करा. इंजिन खोक्यात बंद करा, कस्टम करा, मॉस्कोला पाठवा, त्यांच्या वेळापत्रकात आपला नंबर लागेपर्यंत थांबा, चार उड्डाणं करा, दोष सापडला की परत आणा. जीईचा माणूस सकाळी पातं बदलतो आणि दुपारी इंजिन पुन्हा चालू करतो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही, दिवसाकाठी होणाऱ्या चुकांच्या संख्येत आहे.

याच कारणाने तेजसच्या फ्लाय-बाय-वायरची, म्हणजे वैमानिकाचे इशारे संगणकामार्फत विमानापर्यंत नेणाऱ्या प्रणालीची, गोष्ट इतकी वेगळी झाली. तेजस मुद्दाम अस्थिर घडवलेलं विमान आहे. संगणकाने दर क्षणाला सावरलं नाही तर ते सरळ उडणारच नाही. ती प्रणाली अमेरिकन कंपनीच्या मदतीने उभी राहत होती. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले, आपल्या लोकांना परत यावं लागलं, सामान तिकडेच अडकलं. आणि तरी अडीच-पावणेतीन वर्षांत विमान उडालं, विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी उडवलं. हे जमलं कारण ती विद्या संगणकावर, सिम्युलेटरवर आणि 'आयर्न बर्ड' नावाच्या जमिनीवरच्या सांगाड्यावर घोटता येत होती. तिथे दिवसातून शंभर वेळा विमान पाडलं तरी कोणी मरत नाही, काही जळत नाही. इंजिनाला ही सवलत नाही. ते खरोखरच फुटावं लागतं.

पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही शस्त्रं घडवणारी सरकारी प्रयोगशाळा माझ्या मते याची दुसरी बाजू. पिनाका रॉकेटं त्यांची, १९९९ च्या कारगिलमध्ये ती वापरली गेली. १५५ मिलिमीटरची एटॅग्स तोफही त्यांचीच. त्या तोफेची नळी सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत फुटली, माणसं जखमी झाली. तेव्हा वाटलं होतं की संपलं, आता फाइल बंद होणार. तशी ती झाली नाही. कारण शोधलं, दुरुस्ती केली, चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी झाला. तोफ फोडून बघायला पोखरणचं मैदान आपलं स्वतःचं आहे. नळीचं लोखंड घडवणारे कारखाने मुंढव्यात आहेत. फुटलं की दुसऱ्या आठवड्यात पुढची नळी तयार. जिथे आपल्याला मोडायची मुभा मिळाली तिथे आपण शिकलो.

"पण आपण तर साठ वर्षं मिगची इंजिनं देशात बनवतोय, मग ते ज्ञान कुठे गेलं?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, कारण नाशिककडचा प्रत्येक जण तो मला विचारतो. एचएएलच्या ओझरच्या कारखान्यात आधी मिग-२१ बनली, नंतर दोनशेहून अधिक सुखोई-३०. त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला तयार होतात. सुखोईचं एएल-३१एफपी इंजिन तिथे कच्च्या मालापासून घडवतात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी २४० इंजिनांचा २६ हजार कोटींचा करार झाला. हे काम हलकं नाही. पण परवान्यावर बनवताना हातात ड्रॉइंग येतं. कोणतं माप किती, सहनमर्यादा किती, कुठल्या तापमानाला किती वेळ ठेवायचं. तो आकडा का, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

याचा एक अनुभव सांगतो. एकदा इंजिनात बोअरस्कोप घालून तपासणी चालली होती; दोरीसारख्या लवचीक नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, तो आत सोडून पाती एकेक करून बघायची. एका पात्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याहून लहान टवका दिसला. धावपट्टीवरचा खडा गिळला असणार. (रोज सकाळी अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळे एका रांगेत धावपट्टीवरून खडे वेचत चालतात ते यासाठीच. नवीन पोरांना ती शिक्षा वाटते.) मॅन्युअलमध्ये टवक्याची एक मर्यादा दिलेली होती. आमचा टवका त्या मर्यादेच्या केसभर पुढे. माझ्या हाताखालचा सार्जंट, वीस वर्षं त्याच इंजिनावर काढलेला, म्हणाला, "सर, ही कड गुळगुळीत करून दिली तर हे इंजिन आणखी दोनशे तास चालेल." मलाही तेच वाटत होतं. पण वाटण्यावर सही करता येत नाही. परदेशी उत्पादकाला पत्र लिहिलं. काही महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: बदला. का, ते नाही. ती मर्यादा कोणत्या चाचणीतून आली, किती पाती मोडून ठरली, त्यात किती राखीव सोय धरली आहे, हे त्यांच्या कपाटात आहे. आम्ही इंजिन उतरवलं. तेवढे दिवस विमान हँगरात उभं राहिलं. ते कपाट विकत मिळत नाही, ते स्वतः भरावं लागतं.

हे कपाट भरायची संधी आपल्याला आधीही आली होती, म्हणून थोडं मागे जातो. १९५६ मध्ये जर्मनीचे विमानरचनाकार कुर्ट टँक बंगळूरला आले आणि त्यांच्या हाताखाली आपण एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान बनवलं. १७ जून १९६१ ला ते उडालं. सांगाडा असा देखणा की ध्वनीच्या दुप्पट वेगाची स्वप्नं पडावीत. इंजिन मात्र ऑर्फियस ७०३, मुळात हलक्या नॅट विमानाच्या कुळातलं. ऑर्फियसची जास्त ताकदीची आवृत्ती पुरी करायला ब्रिटिश कंपनी विकासखर्च मागत होती, तो आपण दिला नाही. मग इजिप्त बनवत असलेलं इंजिन १९६७ मध्ये मरुतला लावून पाहिलं. तो प्रकल्पही पुढे बारगळला. आपणच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडायचा प्रयत्न केला. त्या विमानाच्या अपघातात १० जानेवारी १९७० ला चाचणी-वैमानिक ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. मरुत १९७१ मध्ये लोंगेवालाच्या आघाडीवर लढलं, १४७ बनली, आणि मग ती वाट तिथेच थांबली. पुढचं लढाऊ विमान, म्हणजे तेजस, १९८३ मध्ये मंजूर झालं.

आता शेजारी फ्रान्स ठेवून बघा. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनीही जर्मन माणसंच आणली, पण इंजिनाची. बीएमडब्ल्यूच्या हेर्मान ओस्ट्रिख यांच्या गटाने तिथे अतार इंजिन उभं केलं. पहिली अतार काही जगातली सर्वोत्तम नव्हती. पण तीच सुधारत सुधारत मिराज-३ मध्ये गेली, त्याच कारखान्यातून पुढे एम-५३ आलं, जे आपल्या ग्वाल्हेरच्या मिराज-२००० मध्ये आहे, आणि मग राफेलचं एम-८८. चाळीस-पन्नास वर्षं, एकही पिढी न चुकवता. चीनचंही असंच. १९८० च्या दशकात त्यांनी डब्ल्यूएस-१० हे इंजिन हाती घेतलं. ते नीट चालायला लागेपर्यंत दोन दशकं स्वतःचीच लढाऊ विमानं रशियन इंजिनांवर उडवली. लाज वाटून प्रकल्प बंद केला नाही.

राहिला तुमच्या प्रश्नाचा झोंबरा भाग: कोणाला हे नकोच आहे का? दलाल असतात. आयातीत पैसा असतो. ते नाकारून मी तुमची फसवणूक करणार नाही. पण खरेदीच्या टेबलावर बसून मला जे दिसलं ते कटापेक्षा कंटाळवाणं होतं. बोफोर्सनंतर फाइलवर सही करणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. माझ्या पाहण्यात फाइल पुढे न सरकवल्याबद्दल कोणाची चौकशी झाली नाही. सरकवल्याबद्दल मात्र झाली. मग प्रत्येक टिपणाच्या शेवटी "आणखी एकदा तपासून घ्यावे". शिवाय आमचीही चूक आहे. हवाई दलात आम्ही गुणवत्तेच्या अपेक्षा लिहिताना जगातल्या चार विमानांची माहितीपत्रकं समोर ठेवून प्रत्येकातलं उत्तम तेवढं उचलायचो. परदेशी विमानातली उणीव 'मर्यादा' ठरायची, स्वदेशीतली तीच उणीव 'दोष'. हे मी स्वतः केलं आहे.

या संथपणाची किंमत इंजिनात कशी चुकवावी लागते ते तेजसनेच दाखवलं. पहिली मागणी ४० विमानांची, तीही वीस-वीस करून. सुधारित मार्क-१ए चा तोडगा २०१५ मध्ये मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना काढला: जे तयार आहे त्यात रडार आणि इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री सुधारा, आणि घ्या. आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेला मंत्री होता, अपुरं पण हातात असलेलं आणि परिपूर्ण पण कागदावरचं यातला फरक त्यांना कळत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये ८३ विमानांना प्राथमिक मान्यता मिळाली. करार व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. दरम्यान जीईने आपली ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन टाकली होती आणि पुढची मागणी नाही म्हणून ती उत्पादनरेषा बंद केली होती. २०२१ मध्ये आपण ९९ इंजिनं मागितली तेव्हा पुरवठादारांपासून सगळी घडी पुन्हा बसवावी लागली. पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये निघालं, म्हणजे पहिलं मार्क-१ए हवाई दलाला मिळायचं ठरलं होतं त्याच्या वर्षभर नंतर. इंजिनाविना विमानं उभी होती आणि टीव्हीवर अमेरिकेला शिव्या चालल्या होत्या. थोड्या आपल्या वाट्याच्याही होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, ४२ मंजूर स्क्वाड्रनांपैकी २९ उरल्या, आणि त्याच आठवड्यात आणखी ९७ तेजसचा करार झाला. मागणी अशी सलग आधी आली असती तर ती रेषा बंद पडलीच नसती. हेच स्वदेशी इंजिनालाही लागू आहे: वीस इंजिनांची मागणी देऊन कोणी भट्टी पेटवत नाही.

सध्या दोन गोष्टी चालल्या आहेत. तेजस मार्क-२ साठी जीईचं ९८ किलोन्यूटनचं एफ-४१४ देशात बनवण्याची बोलणी, आणि एएमसीए या पुढच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन नव्याने विकसित करणं, ज्याची घोषणा संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये केली. पहिल्यात तंत्रज्ञान हस्तांतराची टक्केवारी ऐकलीत तर हुरळू नका. विचारा की गरम भागाची ओतकामं आणि लेप त्यात आहेत का. नव्वद टक्के नटबोल्ट आले आणि दहा टक्के पाती तिकडेच राहिली, तर आपण पुन्हा कोरापुटलाच उभे. दुसऱ्याकडून मला जास्त आशा आहे, कारण इंजिन पहिल्यापासून एकत्र घडवताना मोडतोडही एकत्र होते. कावेरीची आफ्टरबर्नर नसलेली आवृत्ती मानवरहित विमानासाठी पुढे चालली आहे, तिचे जे तास होतील तेही या कपाटातच जमा होतील.

तुमच्याबद्दल. शिरा, पण विमानाच्या आकाराच्या प्रेमात पडून नको. एरोडायनॅमिक्सकडे सगळेच धावतात. धातुशास्त्र घ्या, व्हॅक्यूम कास्टिंग, लेपनतंत्र, न मोडता तपासणी करण्याच्या पद्धती, कंपनांचं मापन. जमलं तर इंटर्नशिप अशा ठिकाणी करा जिथे टर्बाइन खरंच चालवून बघतात, मग ते विमानाचं नसलं तरी चालेल. वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनच्या दुरुस्तीत मी जितका क्रीप पाहिला तितका वर्गात पाहिला नव्हता. आणि हिशेब पक्का ठेवा: एएमसीएचं इंजिन दहा-बारा वर्षांत उभं राहिलं तर ती उत्तम गती म्हणायची. तुम्ही आज एकवीस वर्षांचे असाल. ते पहिल्यांदा हवेत जाईल तेव्हा तुमची तेहतिशी उलटलेली असेल, आणि पहिल्या दोन-तीन पात्यांच्या मोडण्याचे अहवाल बहुधा तुमच्या सहीचे असतील.